वणांवर बियांच्या तेलाचा उपयोग : कोणते तेल, केव्हा व कसे

सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात अंगावरील ओळखीची खूण लिहिण्याकरिता एक जागा असते. महसूल खात्यातील नोकरीत प्रस्तुत लेखकास ती जागा अनेकांच्या बाबतीत भरावी लागली. कोतवाल असो, शिपाई असो, की शेतकऱ्याच्या घरून आलेला कारकून असो, तेथे बहुधा एकच मजकूर येई : डाव्या हाताच्या बोटावर विळ्याचा वण. कारण उघड आहे. उजव्या हातात विळा व डाव्या मुठीत धाटे धरून कापणी करणाऱ्याच्या डाव्या हातासच विळा लागावयाचा. याशिवाय गुऱ्हाळातील काहिलीचा चटका, चुलीचा जाळ, बाभळीचा काटा, बैलाचे शिंग, कडबा तोडण्याच्या यंत्राचे पाते, यांपैकी कशाची ना कशाची खूण ज्याच्या अंगावर नाही असा शेतकरी विरळा.

वणाकडे पुरुष मंडळी सहसा लक्ष देत नाहीत. परंतु ती केवळ रूपाची बाब आहे असे समजणे बरोबर नव्हे. वण खाजतो, थंडीत ताणतो, सांध्यावर असल्यास बोट वा कोपर पुरते वाकू देत नाही. मुलीच्या चेहऱ्यावर वा हातावर भाजल्याचा वण राहिला म्हणजे घरच्यांच्या मनास काय लागून राहते, हे सांगावयास नको. अशा वेळी बाजारातील महागडी बाटली आणली जाते, किंवा कोणी सांगेल ते तेल चोळले जाते. ज्या तेलबिया आपण स्वतः पिकवितो त्यांच्या तेलाचा या कामी खरा उपयोग किती, कोणते तेल निरुपद्रवी व कोणते घातक, याचा विचार या लेखात क्रमाने करू.

१. वण कसा बनतो

कातडीस खोल इजा झाली की प्रथम रक्त गोठून खपली धरते. खपलीखाली शरीर नवे तंतू विणू लागते. या तंतूंस कोलॅजेन म्हणतात. निरोगी कातडीत हे तंतू चटईच्या विणीप्रमाणे सर्व दिशांस गुंतलेले असतात. वणामध्ये ते घाईने, एकाच दिशेस व दाट घातले जातात. फाटलेल्या गोणीस दाभणाने टाके घालावेत, तसा हा प्रकार आहे. भोक बुजते, पण मूळची वीण येत नाही.

जखम वरून मिटली म्हणजे काम संपले असे नाही. पुढे सहा महिने ते दीड-दोन वर्षे शरीर हे तंतू मोडून पुन्हा रचीत असते. या मुदतीत वण प्रथम लाल, उंच व कठीण असतो. मग हळूहळू फिका, सपाट व मऊ होतो. या रचनेअंती वणाची बळकटी फार तर मूळ कातडीच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत येते, पूर्ववत् कधीच होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोल वणामध्ये केसांची मुळे, घामाच्या ग्रंथी व कातडीस स्निग्ध ठेवणाऱ्या ग्रंथी पुन्हा उगवत नाहीत. शिवाय नव्या वणाचा वरचा थर पातळ असल्याने त्यातून ओल लवकर उडून जाते. अशी जागा कोरडी पडते, तडकते व खाजते. तेलाचा उपयोग नेमका येथे आहे.

२. तेलाने काय होते व काय होत नाही

तेलाने वण नाहीसा होत नाही. असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो वैदू असो वा रंगीत वेष्टनाची बाटली असो. तेलाने तीन कामे होतात. पहिले, वणावर पातळ थर राहून ओल उडून जाणे कमी होते व त्यामुळे खाज व ताण कमी होतो. दुसरे, बोट न घसटता चोळता येते. आणि नियमित चोळण्याने कठीण वण मऊ होण्यास व खालच्या मांसापासून मोकळा राहण्यास मदत होते. तिसरे, काही तेलांतील स्निग्धाम्ले कातडीच्या वरच्या थराची घडण सुधारण्याच्या कामी येतात.

या तिसऱ्या गोष्टीचा शोध मनोरंजक आहे. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांस स्निग्धांश मुळीच नसलेला आहार दिला. त्या उंदरांच्या शेपटीची व पायांची कातडी कोरडी होऊन तिचे खवले निघू लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखविले की हा दोष लिनोलेइक आम्लाच्या अभावाचा आहे. हे आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते आहारातूनच मिळवावे लागते. कातडीच्या वरच्या थरात ओल धरून ठेवणारे जे स्निग्ध द्रव्य असते, त्याच्या घडणीत या आम्लाचा भाग असतो.

तेल बाहेरून लाविल्यानेही कातडीवर परिणाम होतो, याचा दाखला २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ढाका येथील प्रयोगात मिळतो. तेथे अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस सूर्यफुलाच्या बियांचे तेल नियमाने लाविले असता, त्यांच्या रक्तात जंतू शिरण्याचे प्रमाण न लाविलेल्या अर्भकांहून बरेच कमी आढळले. अर्थात् हा प्रयोग अर्भकांच्या नाजूक कातडीवरचा होता, वणावरचा नव्हे. वणाच्या बाबतीत तेलांवर झालेले प्रयोग थोडे व लहान आहेत. म्हणून तेलाने वण मऊ राहतो व खाज कमी होते इतकेच खात्रीने म्हणावे. रंग व उंची यांत जी सुधारणा दिसते, तीत तेलाचा वाटा किती, चोळण्याचा किती व नुसत्या काळाचा किती, हे वेगळे काढणे कठीण असते.

३. आपल्या तेलबियांची वर्गवारी

सर्व तेले एकसारखी नसतात. जमिनीची जशी प्रतवारी, तशी तेलांचीही त्यांतील आम्लांवरून करता येते.

करडई. हे महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या कोरडवाहू काळ्या जमिनीतील रब्बीचे जुने पीक. भीमा, परभणी कुसुम इत्यादी जाती शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. हिच्या साध्या जातींच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ७० ते ७५ टक्के, म्हणजे आपल्या सर्व खाद्यतेलांत अधिक. तेल पातळ, फिके व जवळजवळ वासरहित असते. वणासाठी घरचे तेल निवडावयाचे झाल्यास आमच्या मते पहिला मान हिला द्यावा. दोष एवढाच, की हे तेल लवकर खवट होते.

तीळ. यात ओलेइक व लिनोलेइक ही दोन्ही आम्ले ४० टक्क्यांच्या आसपास असतात. शिवाय तिळाच्या तेलात ते टिकविणारी द्रव्ये नैसर्गिकच असल्याने ते पुष्कळ दिवस चांगले राहते. मालिशीच्या कामी तिळेल पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, ते उगीच नव्हे. मात्र काही माणसांस तीळ बाधतो. ज्यांना तीळ खाऊन अंगावर गांधी उठतात त्यांनी हे तेल टाळावे.

सूर्यफूल. साध्या जातींचे तेल गुणाने करडईच्या जवळचे आहे. करडई न मिळाल्यास हे चालेल.

भुईमूग. यात ओलेइक आम्ल जास्त असते. चोळण्यापुरते चालते. तथापि ओलेइक आम्ल फार असलेली तेले कातडीचा वरचा थर सैल करतात असे दिसून आले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडातील एका प्रयोगात निरोगी माणसांच्या हातावर ऑलिव्हचे तेल लाविले असता कातडीचे संरक्षण दुबळे झाले, व सूर्यफुलाचे तेल लाविले असता ते टिकून राहिले. यावरून विलायती ऑलिव्ह तेलाच्या मागे लागून घरची करडई टाकणे शहाणपणाचे नव्हे. याच कारणास्तव ओलेइक आम्ल मुद्दाम वाढविलेल्या करडईच्या व सूर्यफुलाच्या नव्या जाती स्वयंपाकास उत्तम असल्या, तरी या कामास साधी जातच बरी.

जवस. यातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. ते हवेतील प्राणवायू चटकन शोषून घट्ट होते, म्हणूनच रंगाच्या व रोगणाच्या धंद्यात जवसाला मागणी आहे. जे तेल लाकडावर वाळून पापुद्रा धरते ते कातडीवर चोळण्यास योग्य नाही. जवस खावा, लावू नये. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. तेल वाळताना त्यांत उष्णता साठून त्या आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

एरंडी. यात सुमारे ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असते. तेल दाट व चिकट असल्याने ते ओल चांगली धरते, पण एकटे चोळण्यास जड जाते. एक भाग एरंडेल व तीन भाग तिळेल असे मिश्रण हिवाळ्यात तळहाताच्या वा टाचेच्या कठीण वणास बरे पडते. हे प्रमाण सोयीकरिता आहे. त्यात औषधी रहस्य काही नाही.

कोकणातील वाचकांस उंडीचे तेल ठाऊक असेल. संस्कृत ग्रंथांतील पुन्नाग तो हाच वृक्ष. प्रशांत महासागरातील बेटांवर जखमांवर हे तेल वापरण्याची जुनी रीत आहे, व आज शहरांत ते वणाचे तेल म्हणून मोठ्या किमतीस विकले जाते. घाण्याचे अशुद्ध तेल हिरवट, उग्र व राळयुक्त असते आणि काही माणसांच्या कातडीस ते चुरचुरते. ज्याला वापरावयाचे असेल त्याने पुढे सांगितलेली परीक्षा केल्याविना वापरू नये.

४. जी तेले वणास लावू नयेत

येथे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण लाभापेक्षा नुकसानाची उदाहरणे खेड्यात अधिक आढळतात.

बिब्ब्याचे तेल. सुश्रुतसंहितेत व्रणाचे जे ६० उपक्रम सांगितले आहेत, त्यांत वणाचा रंग पूर्ववत् करण्याचेही उपक्रम आहेत. पांढऱ्या वणास काळसर करण्याच्या कृष्णकर्मात बिब्ब्याचे तेल सांगितले आहे. परंतु तेथे बिब्बा प्रथम गोमूत्रात व दुधात भिजवून संस्कारित करावयाचा असतो, ही गोष्ट विसरून कच्चा बिब्बा टोचून लाविला जातो. परिणाम असा, की बिब्बा उततो, फोड येतात, कातडी सोलवटते आणि पहिल्यापेक्षा मोठा वण पदरी पडतो. ज्या रसाने परीट कपड्यावर न पुसणारी खूण करीत, तो कातडीवर काय करील, याचा विचार करावा. संस्कारित बिब्बाही घरी वापरावयाची वस्तू नव्हे. काजूच्या टरफलातील तेल याच कुळातले. कोकणात व गोव्यात त्याने बोटे भाजलेली अनेकांनी पाहिली असतील.

करंज व कडुनिंब. ही तेले पिकांवरील किडींसाठी व दिव्यासाठी उपयोगी; पण उग्र असल्याने नव्या वणास दाह करतात. निंबाचे तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास जिवावर बेतते. ते मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

मोहरी. मोहरीचे तेल तिखट असून कोवळ्या कातडीस झोंबते. शिवाय भेसळीचे भय आहे. आपल्या शेतात काटेरी पानांचा व पिवळ्या फुलांचा जो पिवळा धोत्रा माजतो, त्याचे बी मोहरीसारखेच दिसते. त्याचे तेल पोटात गेल्यास पाय सुजतात, दम लागतो व हृदय दुबळे होते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातील या भेसळीने अनेक माणसे दगावली. अशा तेलाने मालीश केल्यानेही हा विकार झाल्याच्या नोंदी आहेत. पिवळा धोत्रा बी धरण्यापूर्वी उपटणे, हे शेतकऱ्याच्या हातचे काम आहे.

कडू कवठाचे तेल. सह्याद्रीच्या ओल्या रानात होणाऱ्या या झाडाचे व त्याच्या जातभाईंचे तेल चौलमुग्रा या नावाने एके काळी महारोगावरील मुख्य औषध होते. १९१५ साली हवाई बेटांत अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्याचे टोचण्यायोग्य रूप तयार केले. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन वर्गाची औषधे आली व हे तेल मागे पडले. जुनी माणसे अजून त्याची शिफारस करतात. आज त्याचे प्रयोजन उरलेले नाही. या संबंधात एक सूचना आवश्यक आहे. अंगावर फिकट वा तांबूस चट्टा असून तेथे स्पर्श वा चटका कळत नसेल, तर तो वण समजून तेल चोळीत बसू नये. ते महारोगाचे चिन्ह असू शकते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो व ती औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. यात लाजण्यासारखे काही नाही. उशीर केल्यास मात्र हातापायांस अपंगत्व येते.

५. तेल काढणे व ठेवणे

बी नव्या हंगामाचे घ्यावे. चाळून, पाखडून तण-बी व कुजके दाणे वेगळे करावेत. बुरशी आलेले बी या कामी मुळीच घेऊ नये. दोन उन्हे देऊन बी कोरडे करावे. लाकडी घाण्यावर अगर लहान यंत्रावर न भाजता तेल काढावे. भाजलेल्या बियांचे तेल खमंग लागते, पण उष्णतेने त्याचे टिकाऊपण बदलते. करडईत तेलाचे प्रमाण साधारणतः ३० टक्क्यांच्या आसपास असले, तरी घाण्यावर ते सर्व सुटत नाही, काही पेंडीत राहते. ५ किलो करडईपासून सुमारे एक किलो किंवा थोडे अधिक तेल हाती येते.

तेल स्वच्छ भांड्यात तीन-चार दिवस निवळू द्यावे. गाळ खाली बसला की वरचे तेल दुहेरी कोरड्या फडक्यातून गाळून घ्यावे. बाटली काचेची, गडद रंगाची व पूर्ण कोरडी असावी. ती गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावावे, म्हणजे आत हवा कमी राहील. उन्हापासून व चुलीपासून दूर, फडताळात ठेवावी. बाटलीवर तेलाचे नाव व भरल्याची तारीख लिहून चिठ्ठी चिकटवावी. करडईचे तेल दोन-तीन महिन्यांत संपवावे. जुन्या रंगासारखा वा कुबट वास आल्यास ते खवट झाले असे समजून वणास लावू नये; खवट तेलाने कातडी चरचरते.

आता खर्चाचा हिशेब पाहू. बोटाएवढ्या वणास एका वेळी तीन थेंब पुरतात. दिवसातून तीन वेळा म्हणजे नऊ-दहा थेंब, म्हणजे सुमारे अर्धा मिलिलिटर. तीन महिन्यांस ४५ मिलिलिटर. अर्थात् घरी काढलेल्या एक किलो तेलातील चहाच्या अर्ध्या कपाइतकेही तेल या कामी लागत नाही. बाकीचे स्वयंपाकास आहेच. ज्या कामाला घरची स्वस्त वस्तू पुरते त्याकरिता शेकडो रुपयांची बाटली घेण्यापूर्वी हा हिशेब करावा.

६. लावण्याची रीत

पहिला नियम : उघड्या जखमेवर व ताज्या भाजलेल्या जागी तेल घालू नये. भाजल्याबरोबर ती जागा साध्या थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. तेल, तूप, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. तेलाने आतील उष्णता कोंडते व जखम अस्वच्छ होते. काहिलीच्या रसाने भाजल्यास तो चिकटून राहतो, म्हणून पाणी अधिक तत्परतेने घालावे व दवाखाना गाठावा. विळ्याने वा काट्याने मातीत जखम झाल्यास साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताची लस घ्यावी.

दुसरा नियम : जखम पूर्ण मिटून, खपली आपोआप पडून व टाके काढून जागा कोरडी झाल्यावरच तेलास आरंभ करावा. साध्या जखमेस याकरिता दोन ते तीन आठवडे लागतात. खोल भाजल्यास अधिक.

तिसरा नियम : परीक्षा. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर ते तेल दिवसातून दोनदा, असे सात दिवस लावून पाहावे. लाली, पुरळ वा खाज आल्यास ते तेल आपले नव्हे.

चोळण्याची रीत अशी. हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. अंगठ्याच्या वा बोटाच्या पेरावर तेल घेऊन वणावर दाब द्यावा. दाब इतका, की वण क्षणभर फिका पडावा, पण दुखू नये. प्रथम लहान वर्तुळे, मग वणाच्या लांबीने, मग आडवे, असे पाच ते दहा मिनिटे चोळावे. दिवसातून दोन-तीन वेळा, निदान तीन महिने व शक्य तर सहा महिने हा क्रम ठेवावा. आरंभीचे काही आठवडे दाब हलका असावा. कातडी फाटली, पाणी सुटले वा जागा तापली तर थांबावे.

चौथा नियम उन्हाचा. नव्या वणावर ऊन पडले तर तो काळा पडतो व तो काळेपणा फार दिवस राहतो. तेल लावून उन्हात जाणे म्हणजे दुप्पट चूक, कारण तेल उन्हापासून राखीत नाही. निदान वर्षभर शेतात जाताना बाहीने, उपरण्याने वा पदराने वण झाकावा. आमच्या समजुतीने या एका कापडाच्या तुकड्याने वणाच्या रंगात जो फरक पडतो, तितका कोणत्याही तेलाने पडत नाही.

७. अर्ध्या वणाचा प्रयोग

उभ्या पिकाचा उतारा बांधावरून नजरेने ठरविला तर वाद होतात, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. म्हणूनच पीक कापणी प्रयोगात ठराविक मापाचा तुकडा कापून, मळून, तोलून उतारा काढतात. खताचा गुण पाहावयाचा तर एका वाफ्यास खत घालून शेजारचा वाफा तसाच ठेवावा लागतो. वणाच्या बाबतीत मात्र कोणी असे करीत नाही. वण काळाने आपोआपच फिका होतो व त्याचे श्रेय त्या वेळी लाविलेल्या तेलास मिळते.

१९९९ साली अमेरिकेत मायामी येथील डॉक्टरांनी हाच वाफ्यांचा न्याय वणास लाविला. त्यांनी १५ रोग्यांच्या शस्त्रक्रियेच्या वणांचे दोन भाग कल्पून एका भागास साधे मलम व दुसऱ्यास ई-जीवनसत्त्व मिसळलेले तेच मलम लावविले. ई-जीवनसत्त्व वणास उत्तम, अशी तेव्हा सर्वत्र समजूत होती व आजही आहे. निकाल असा निघाला, की बहुतेकांच्या वणात त्याने काही फरक पडला नाही अगर वण अधिक वाईट दिसला, आणि सुमारे एक-तृतीयांश रोग्यांच्या कातडीस ते बाधले. प्रयोग लहान होता, पण त्यातील रीत आपण घ्यावी.

ती अशी. वण लांबट असल्यास मनगटाकडील अर्धा व कोपराकडील अर्धा असे दोन भाग मानावेत. दोन्ही भाग सारखेच चोळावेत व सारखेच झाकावेत. एका भागास घरचे तेल, दुसऱ्यास साधे व्हॅसलिन लावावे. दर महिन्याच्या एकाच तारखेस, एकाच उजेडात पाहून वहीत चार रकाने भरावेत : लांबी-रुंदी (दोऱ्याने मापून), उंची (बोटास लागते की नाही), रंग (शेजारच्या कातडीशी ताडून), खाज (नाही, थोडी, फार). भरणारा मनुष्य घरातील दुसरा असावा व कोणत्या भागास काय लाविले हे त्यास सांगू नये, म्हणजे पक्षपात होणार नाही. तीन महिन्यांनी दोन्ही भाग सारखेच निघाले तर गुण तेलाचा नसून चोळण्याचा व झाकण्याचा होता असे समजावे. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. तेलाचा भाग सरस निघाला तर खात्रीने पुढे चालवावे.

८. तेल सोडून डॉक्टरांकडे केव्हा जावे

वण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढू लागला, तर तो साधा वण नव्हे. त्यास कीलॉइड म्हणतात. कानाची पाळी, छाती व खांदा या जागी तो विशेषतः होतो. जखमेच्या हद्दीत राहून उंच व कठीण झालेला वण निराळा. तो पुष्कळदा काळाने बसतो. कीलॉइड मात्र तेलाने बसत नाही, व नुसता कापून टाकल्यास अनेकदा पूर्वीपेक्षा मोठा होऊन येतो. त्यास डॉक्टर वणात औषध टोचणे, दाबपट्टी इत्यादी उपाय करतात. उंच वणाकरिता सिलिकॉनची पातळ पट्टी दिवसातील १२ तासांहून अधिक, असे दोन-तीन महिने ठेवण्याची रीत आहे. तीही ओल धरून ठेवण्याच्याच तत्त्वावर चालते. पुरावा पाहता या कामी ती तेलाहून वरचढ मानली जाते.

भाजल्यानंतर सांधा आखडू लागल्यास दिवस मोजीत बसू नये. बोटे, कोपर वा मान वणाच्या ओढीने वाकून राहिली, तर व्यायाम, फळी व प्रसंगी शस्त्रक्रिया यांवाचून उपाय नसतो, आणि उशीर होईल तसा उपाय कठीण होतो. तसेच जुना वण पुन्हा पुन्हा फुटत असेल, त्यातून पाणी वाहत असेल व महिन्या-दोन महिन्यांत तो भरत नसेल, तर तेही डॉक्टरांस दाखवावे, कारण जुन्या भाजल्याच्या वणात क्वचित् कर्करोग उद्भवतो.

सारांश, करडई वा तिळाचे ताजे व निर्भेळ तेल, मिटलेला वण, स्वच्छ हात, नियमित चोळणे व उन्हापासून आच्छादन, एवढ्या पाच गोष्टी ज्याने सांभाळल्या त्याने घरच्या घरी होण्याजोगे सर्व केले. ज्या सभासदांच्या घरी येत्या कापणीत कोणास विळा लागेल त्यांनी वर लिहिलेली अर्ध्या वणाची वही अवश्य ठेवावी व तीन महिन्यांनी आपले रकाने या मासिकाकडे पाठवावेत. निकाल तेलाच्या बाजूने असो वा विरुद्ध असो, दोन्ही सारखेच उपयोगी आहेत.